राजाश्रय, लोकाश्रय आणि फेराराचं कुलूप

कुणी पुरस्कार परत केला, एखाद्या महोत्सवाचं अनुदान रखडलं, की आपल्याकडे एक ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, कलावंताने सत्तेच्या दारात उभंच राहू नये; राजाश्रय म्हणजे मिंधेपणा, खरी कला लोकांच्या जिवावर जगते. दुसरी बाजू म्हणते, राजे नसते तर आज तुम्ही काय ऐकलं असतं? मग ग्वाल्हेर, बडोदा, कोल्हापूर ही नावं येतात, आणि बोलणारा जरा वाचलेला असेल तर इटलीतल्या मेडिची (फ्लॉरेन्सचे) आणि एस्ते (फेराराचे) या सत्ताधारी घराण्यांपर्यंत गाडी जाते. दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत असतं: पैसा कोणाच्या खिशातून आला यावर कलेचा कस ठरतो. माझं म्हणणं असं की हेच गृहीतक चुकीचं आहे. पैशाबरोबर कलावंताच्या हाती काय पडतं आणि त्या बदल्यात कलाकृतीवर कुलूप कोणाचं बसतं, या दोन गोष्टी तपासल्याशिवाय राजाश्रयाला शिव्या घालण्यात अर्थ नाही आणि त्याची आरती ओवाळण्यातही नाही. इटलीचा दाखला द्यायचाच असेल तर तो पुरता द्यावा. त्यासाठी सोळाव्या शतकातल्या फेराराइतकं सोयीचं ठिकाण नाही, आणि तिथल्या लुझास्को लुझास्की या संगीतकाराइतका सोयीचा माणूस नाही.

लुझास्कीचं नाव त्याच काळातल्या मोंतेव्हेर्दी या संगीतकारासारखं सर्वतोमुखी नाही. तो १५४५ च्या सुमारास फेरारात जन्मला, १६०७ साली तिथेच वारला. गुरू मागच्या पिढीचा रचनाकार चिप्रियानो दे रोरे, शिष्य पुढच्या शतकाचा नामांकित ऑर्गनवादक फ्रेस्कोबाल्दी. एवढ्यावरूनही तो कोणत्या सांध्यावर उभा होता ते कळतं. १५६१ पासून तो एस्ते दरबारात नोकरीला होता, पुढे तिथला ऑर्गनवादक झाला. पाच आवाजांच्या मॅड्रिगलचे त्याचे सात संग्रह १५७१ ते १६०४ या काळात छापले गेले. मॅड्रिगल म्हणजे एखादी छोटी कविता ओळीओळीने, शब्दाशब्दाने चार-पाच स्वतंत्र आवाजांत विणायची; 'उसासा' आला की स्वर तुटला पाहिजे, 'मरण' आलं की सुरावट वाट सोडून भलतीकडे गेली पाहिजे. १५७६ च्या दुसऱ्या संग्रहात लुझास्कीने थेट दान्तेच्या नरकाच्या दारातल्या ओळी उचलल्या, जिथे सुस्कारे आणि आक्रोश तारे नसलेल्या हवेत घुमतात, आणि पाचही आवाज अर्ध्या-अर्ध्या स्वरांनी सरकवत नेले. त्या काळच्या संगीतकारांना प्रेमकवितांचं वेड होतं. दान्तेकडे फारसं कुणी फिरकत नसे. हे धाडस कुणाच्या जिवावर झालं? पगारी नोकराने, मालकाच्या घरात बसून केलं. राजाश्रय म्हणजे साचेबद्ध कला, असं सांगणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

आणि खरी नवलाई तर पुढेच आहे. १५७९ मध्ये फेराराचा शासक ड्यूक आल्फोन्सो दुसरा याने मार्गेरिता गोंझागाशी लग्न केलं आणि १५८० पासून राणीच्या दालनात गाणाऱ्या स्त्रियांचं एक पथक उभं केलं. लाउरा पेवेरारा, आन्ना ग्वारिनी आणि लिव्हिया दार्को या त्यातल्या मुख्य. लाउरा हार्प वाजवी, आन्ना ल्यूट, लिव्हिया व्हिओल (सगळी तंतुवाद्यं), लुझास्की हार्पसिकॉर्ड या कळफलकाच्या तारवाद्यावर. त्याआधीही दरबारात घरंदाज स्त्रिया हौस म्हणून गात असत, पण या बायका गाण्यासाठी म्हणून आणल्या होत्या. राणीच्या सख्या हे वरचं आवरण. आतून ही नोकरी होती. दिवसाचे कित्येक तास तालीम, आणि बहुतेक रोज संध्याकाळी निवडक श्रोत्यांपुढे गाणं.

तालमीचं एवढं काय, असं कुणाला वाटेल. गाणं जाणणाऱ्याला वाटू नये. एकट्या गायकाला तान आयत्या वेळी सुचते, ती त्याने घ्यावी, चुकली तर सावरून घ्यावी. इटालियन गायकही असंच करत. छापलेल्या साध्या ओळीवर आपापली नक्षी काढत. पण तिघींनी एकाच वेळी, एकाच पट्टीत, एकमेकींपासून तिसऱ्या स्वराच्या अंतरावर धावती तान घ्यायची असेल तर उपज चालेल का? एकीने एक स्वर जास्त घेतला तर खालची त्याच क्षणी तिच्या शेजारच्या स्वरावर आदळते. तिघींचा पल्लाही सारखाच, त्यामुळे आवाज एकमेकींना ओलांडून वर-खाली होतात, आणि चूक लपायला जागा उरत नाही. म्हणजे तान आधी ठरवावी लागते, लिहावी लागते, पाठ करावी लागते, आणि श्वास कुठे घ्यायचा हेही वाटून घ्यावं लागतं. लुझास्कीने नेमकं हे केलं. आजवर जे गायकाच्या गळ्यावर सोडलेलं होतं ते त्याने रचनेत ओढलं. ओळीच्या शेवटी जिथे एक आवाज धरून ठेवलेला असतो, खालचा त्याला येऊन घासतो आणि मग सुटका होते, त्या जागेवर त्याने दोघी-तिघींना आलटून पालटून मुरक्या दिल्या, आणि कधी एकदम. खाली हार्पसिकॉर्डवर तीच रचना चार आवाजांत, साधी, बिननक्षीची चालू राहते, म्हणजे वरच्यांनी कितीही गिरक्या घेतल्या तरी जमीन सुटत नाही. १५८४ मध्ये स्त्रिज्जो हा संगीतकार तिथे पाहुणा म्हणून गेला होता. या बायका जे पाठ गातात ते सगळ्या तानांसकट लिहिलेली वही ड्यूकने आपल्याला दाखवली, असं त्याने फ्लॉरेन्सला लिहून कळवलं. तान लिहिलेली वही ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू होती.

आता हिशेब मांडा. असं संगीत घडायला तीन पक्क्या तयारीचे आवाज, रोजची तालीम, हाताशी कायम रचनाकार आणि नक्षी ओळखणारे मोजके कान लागतात. यातलं काय व्हेनिसच्या बाजारात विकत मिळालं असतं?

लोकाश्रयवाल्यांची बाजू इथे कमजोर नाही, हे कबूल करायला हवं. मॅड्रिगल हा प्रकार बाजारावरही पोसला गेला. व्हेनिसमध्ये गार्दानो आणि स्कोतो यांचे छापखाने संगीत छापून नफा कमावत. आर्काडेल्ट या संगीतकाराच्या चार आवाजांच्या पहिल्या मॅड्रिगल-संग्रहाच्या, जो १५३० च्या दशकाच्या अखेरीस आला, पन्नासाहून जास्त आवृत्त्या निघाल्या, शंभर वर्षं उलटल्यावरही. ही काही राजाची कृपा नव्हे. जेवणानंतर चार मित्र टेबलाभोवती बसून, प्रत्येकाच्या हातात आपल्या आवाजाची वही घेऊन गात. त्यांनी पैसे मोजले म्हणून ही पुस्तकं निघाली. आणि ते संगीत हलकंही नाही. पण त्या बाजाराची अट काय होती तेही बघा: हौशी माणसाला समोर ठेवल्या ठेवल्या गाता आलं पाहिजे. पल्ला बेताचा, उड्या सोप्या, ताल सरळ. लुझास्कीच्या तीन सोप्रानोंच्या, म्हणजे तीन उंच स्त्री-आवाजांच्या, रचना त्या टेबलावर ठेवल्या असत्या तर दुसऱ्या ओळीत हसं झालं असतं. बाजाराने मॅड्रिगल पसरवलं, घराघरांत नेलं. त्याला धार लावायची जागा मात्र दुसरी होती. दोन्ही कामं लागतात. एकाचं श्रेय दुसऱ्याला देऊन वाद जिंकता येतो, इतिहास कळत नाही.

साधनांचंही तसंच. विचेन्तिनो या पंडिताने प्राचीन ग्रीकांचे सूक्ष्म स्वर पुन्हा गाता यावेत म्हणून आर्चिचेंबालो नावाचं दोन कळफलकांचं वाद्य बनवलं आणि १५५५ च्या आपल्या ग्रंथात ते समजावून सांगितलं. त्यामागची अडचण निव्वळ तात्त्विक नव्हती. त्या काळी हार्पसिकॉर्ड असा लावत की मोठा तिसरा स्वर, म्हणजे आपला सा-ग, अगदी शुद्ध मिळावा. त्यासाठी प्रत्येक सा-प किंचित चिमटून घेत. ही लावणी कानाला गोड, पण बारा पट्ट्यांत ती मावत नाही. सोल आणि ला (आपल्या प आणि ध सारखे स्वर) यांच्यामधली पट्टी एकदा 'सोल तीव्र' म्हणून लावली की तिच्यावर 'ला कोमल' वाजवता येत नाही. दोघांत टोनाच्या, म्हणजे पूर्ण स्वरांतराच्या, सुमारे पाचव्या हिश्श्याइतका फरक राहतो आणि मेळ खवळून उठतो. गायक गळा सरकवून घेतो, वाद्य कसं घेणार? रोरे आणि लुझास्कीच्या अर्धस्वरांच्या रचना साध्या हार्पसिकॉर्डवर म्हणूनच अडतात. विचेन्तिनोने सप्तकाचे ३१ भाग केले: टोन पाच भागांचा, मोठा अर्धस्वर तीन, लहान दोन. पाच टोनांचे पंचवीस, दोन मोठ्या अर्धस्वरांचे सहा, बेरीज जुळते. (आपल्या बावीस श्रुतींशी याची सोयरीक जोडायचा मोह मराठी वाचकाला होणार. तो आवरावा, ४-३-२-४-४-३-२ हा हिशेब निराळ्या गरजेतून आलेला आहे.) वाद्य तयार झालं, पण इतक्या तारा लावायच्या कुणी? बोत्रिगारी हा समकालीन लेखक सांगतो की लावण्याच्या कटकटीमुळेच ते क्वचित वाजे, आणि फेरारात ते सफाईने वाजवणारा म्हणून नाव घेतो ते लुझास्कीचं. कोणता व्यापारी असलं धूड घरात ठेवून, ते लावणारा माणूस पगारावर बाळगेल? प्रयोग फसण्याची ऐपत ज्याच्याकडे असते त्याच्याकडेच प्रयोग होतात. इथवर राजाश्रयवाले बरोबर आहेत.

पण इथेच थांबून टाळ्या घेतल्या तर ते अर्धसत्य होईल. ज्या आल्फोन्सोने ही मैफल सजवली त्यानेच कवी तोर्क्वातो तास्सोला १५७९ मध्ये सांतान्नाच्या इस्पितळात डांबलं आणि १५८६ पर्यंत तिथे ठेवलं. तास्सो भ्रमिष्ट झाला होता म्हणतात, होताही असेल, पण सात वर्षं ही उपचाराची मुदत नव्हे, मालकाची मर्जी आहे. जुलिओ चेझारे ब्रांकाच्चो हा उमदा सरदार आणि नामांकित खर्जाचा गायक. पाहुण्यांपुढे गा म्हटल्यावर त्याने नकार दिला, १५८३ मध्ये त्याची रवानगी झाली. तार्क्वीनिया मोल्झा ही विदुषी आणि गायिका. मांतुआचा संगीतकार जाकेस दे वेर्तशी तिचं जमलं, १५८९ मध्ये तिला दरबार सोडावा लागला. वर्ग वेगळे होते, म्हणून. आन्ना ग्वारिनीचं तर विचारूच नका. ड्यूक ऑक्टोबर १५९७ मध्ये गेला आणि मे १५९८ मध्ये तिच्या नवऱ्याने तिचा खून केला. ज्या व्यवस्थेत कलावंताची भाकरी, इज्जत आणि जीव एका माणसाच्या श्वासाला टांगलेले असतात, तिला 'कलेचं सुवर्णयुग' म्हणून मिरवणाऱ्यांनी ही यादीही सोबत वाचावी. मिंधेपणाचा आरोप करणाऱ्यांचा हा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि तो खोडता येत नाही.

खोडता येत नाही, पण तो कुठे लागू पडतो ते बघावं लागतं. मिंधेपणाने लुझास्कीचे स्वर बोथट झाले का? नाही झाले. दान्तेचा नरक ड्यूकच्या स्तुतीसाठी कुणी बांधत नाही. दरबाराने जे हिरावलं ते वेगळं होतं, आणि आपल्या वादात त्याचा उल्लेखही कुणी करत नाही: दरबाराने ते संगीत बाहेर जाऊ दिलं नाही. त्या मैफलीचं नावच 'गुप्त संगीत' होतं. आत बसायला मिळणं हा राजनैतिक मान होता, आणि गुपित जितकं घट्ट तितका मान मोठा. लुझास्कीच्या पुस्तकांच्या तारखा ओळीने लावून बघा: १५७१, १५७६, १५८२, आणि मग एकदम १५९४. पथक ऐन भरात असतानाची बारा वर्षं कोरी. त्यानंतर १५९४, ९५, ९६ अशी तीन पुस्तकं लागोपाठ आली, पण तीही पाच आवाजांची, नेहमीच्या घाटाची. तिघींच्या तानांची वही कपाटातच.

ती बाहेर आली १६०१ मध्ये, रोममध्ये. आल्फोन्सोला औरस वारस नव्हता, म्हणून तो गेल्यावर पोपने फेरारा ताब्यात घेतलं आणि एस्ते घराणं मोदेनाला गेलं. पोपचा पुतण्या कार्डिनल पिएत्रो आल्दोब्रांदिनी याला ते पुस्तक अर्पण केलेलं आहे. म्हणजे ज्यांनी दरबार गिळला त्यांच्याच आश्रयाने दरबाराचं गुपित फुटलं. मुखपृष्ठावर साफ लिहिलेलं आहे की या रचना दिवंगत ड्यूकच्या संगीतासाठी केलेल्या. एकूण बारा: एका आवाजासाठी तीन, दोघींसाठी चार, तिघींसाठी पाच. छपाईही मुद्दाम बघण्यासारखी. नेहमीच्या खिळ्यांत प्रत्येक स्वर आपल्या पंचरेषेच्या तुकड्यासह वेगळा असे, त्यामुळे एका पंचरेषेवर एकाखाली एक स्वर जुळवणं म्हणजे डोकेदुखी, आणि धावत्या तानेतले स्वर दांडीने जोडणंही अशक्य. म्हणून सिमोने व्हेरोव्हिओने सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलं. वर गायिकांच्या ओळी, खाली कळफलकाची साथ पूर्ण लिहिलेली. संगीताच्या अभ्यासकाला याहून मोठं घबाड नाही.

फक्त उशीर झाला. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या जुलिओ काच्चीनीचं एकल गाण्यांचं पुस्तक आलं, ज्यात साथीला नुसती खालची ओळ दिलेली, वरचं वादकाने भरून घ्यायचं. पद्धत हलकी, स्वस्त, कुणालाही वापरता येणारी. युरोपभर ती चालली. त्यापुढे लुझास्कीची चार आवाजांची साथ छापल्या दिवशीच जुनी दिसू लागली. गंमत अशी की हाच काच्चीनी फेरारात जाऊन या बायकांचं गाणं ऐकून आला होता. फ्लॉरेन्स आणि मांतुआच्या दरबारांनीही फेराराची नक्कल करून आपापली स्त्री-पथकं उभी केली. गुपित सरदारांपासून लपलं नाही; लपलं ते छापील पुस्तक विकत घेऊ शकणाऱ्या सामान्य संगीतकारांपासून. साथीसह एकल गायनाच्या इतिहासात पहिल्या पानावर लागायचं नाव तळटीपेत गेलं, ते प्रतिभा कमी पडली म्हणून गेलं नाही.

'खरा कलावंत आश्रयाविनाच फुलतो' हे ठसवायला या काळातून नेहमी एक नाव पुढे केलं जातं: कार्लो जेझुआल्दो, व्हेनोसाचा राजपुत्र. त्याला धनी नव्हता, तो स्वतःच धनी होता. १५९० मध्ये त्याने पत्नी आणि तिच्या प्रियकराला ठार केलं, त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. शेवटची पुस्तकं त्याने आपल्या गढीवर छापखाना आणून १६११ मध्ये छापली. त्याच्या शेवटच्या संग्रहातले मेळ आजही कानाला चकवतात. त्यामुळे एकाकी, शापित, काळाच्या पुढचा प्रतिभावंत अशी दंतकथा त्याच्याभोवती झकास जमते. ती टिकत मात्र नाही. १५९४ मध्ये तो ड्यूकच्या घराण्यातल्या लेओनोरा देस्तेशी लग्न करायला फेरारात आला आणि रमला. त्याच्यासोबत असलेला फोंतानेल्ली पत्रात कळवतो की राजपुत्राने आपली आधीची शैली टाकली आहे आणि तो लुझास्कोचं अनुकरण करायला लागला आहे. त्याची पहिली चार पुस्तकं १५९४ ते १५९६ मध्ये फेरारात, ड्यूकच्या मुद्रकाकडे, बाल्दिनीकडे छापली गेली. आणि लुझास्कीने आपलं चौथं पुस्तक १५९४ मध्ये त्यालाच अर्पण केलं. ज्याला पैशासाठी कुणाची गरज नव्हती तोही त्या शहरात आला, कारण तिथे ती वाद्यं, ते गळे आणि तो बुजुर्ग रचनाकार एका छताखाली होते. पैसा असून तेवढं पुरत नाही, याला जेझुआल्दोइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही.

आपल्याकडचे दाखलेही असेच अर्धे दिले जातात. अल्लादिया खाँसाहेबांचं नाव राजाश्रयाच्या बाजूने घेतात, कारण शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात स्थैर्य दिलं. खरं आहे. पण तरुणपणी आमलेटा संस्थानात धन्याच्या हौसेपायी अतोनात गावं लागून त्यांचा आवाज गेला आणि बदललेल्या आवाजाला साजेशी गायकी त्यांनी नव्याने बांधली, हेही त्यांच्याच चरित्रात आहे. दोन्ही राजाश्रयच. दुसरीकडे विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते राजाच्या नव्हे, लोकांच्या पैशावर, आणि गाणं तिकिटावर सामान्य माणसापर्यंत नेलं. केवढं मोठं काम! त्याच पलुस्करांची मुंबईतली इमारत कर्जापायी लिलावात गेली. लोकांनी टाळ्या दिल्या, हप्ते दिले नाहीत. यावरून लोकाश्रय खोटा ठरतो का? ठरत नाही. पण तो आपोआप स्वातंत्र्य देतो असंही म्हणता येत नाही; सावकारही धनीच असतो.

एक आक्षेप उरतो आणि तो नैतिक आहे. नोव्हेंबर १५७० मध्ये फेराराला भूकंपाने झोडपलं, धक्के पुढे कित्येक महिने चालू होते, शहराचा मोठा भाग मोडला. दहा वर्षांनी त्याच शहराचा धनी करांच्या पैशातून मूठभर पाहुण्यांसाठी बंद दाराआड तीन बायकांच्या ताना पोसत होता. हा पैसा कुणाचा होता? माझं उत्तर असं: खर्चाची लाज कमी वाटते, दार बंद ठेवल्याची जास्त. कराच्या पैशातून कठीण, मोजक्यांनाच पटकन कळेल अशी कला पोसणं गैर नाही. रोजच्या बाजारात जे उभं राहू शकत नाही त्यालाच तर आधाराची गरज असते. पण ज्यांच्या पैशावर ती वही लिहिली गेली त्यांना ती वीस वर्षं उघडूही न देणं याचं समर्थन होत नाही. आजही सरकारी पैशातून चित्रफिती, ध्वनिमुद्रणं, दुर्मिळ बंदिशींचे संग्रह होतात आणि कुठल्याशा कपाटात पडून राहतात, मागणाऱ्याला अर्जावर अर्ज करावे लागतात. अनुदान द्यावं की नाही यावर आपण घसा कोरडा करतो. अनुदानातून जे झालं ते कुठे आहे, कुणाला ऐकता येतं, हे विचारायला कुणी उभं राहत नाही.

म्हणजे आश्रयाची पहिली अट उघड्या दाराची, आणि दुसरी मुदतीची. ती मोंतेव्हेर्दीइतकी स्पष्ट कुणी सांगितलेली नाही. १६०७ मध्ये त्याच्या भावाने नव्या शैलीची वंशावळ मांडली तेव्हा सुरुवात रोरेपासून केली आणि लुझास्कीचं नाव त्यात घेतलं, म्हणजे मोंतेव्हेर्दी या परंपरेचाच वारस. मांतुआच्या गोंझागांकडे त्याने एकवीस वर्षं चाकरी केली. १६०८ च्या पत्रात तो थकव्याबद्दल आणि अपुऱ्या मोबदल्याबद्दल कळवळून तक्रार करतो. १६१२ मध्ये नवा ड्यूक गादीवर आला आणि याला काढून टाकलं. निघताना हाती पंचवीस स्कुदी (तिथली नाणी) होते, असं त्यानेच पुढे लिहिलं. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या सान मार्को या चर्चने त्याला तीनशे डुकातांच्या (व्हेनिसच्या नाण्यांच्या) पगारावर घेतलं, नंतर चारशे केले. मांतुआने परत बोलावलं तेव्हा मार्च १६२० मध्ये त्याने जे उत्तर पाठवलं ते अनुदानाच्या प्रत्येक समितीपुढे वाचायला हवं. व्हेनिसमध्ये गायक घ्यायचा असेल तर आधी आपलं मत विचारतात. मानधन मरेपर्यंत पक्कं, कोणी अधिकारी मेला किंवा खुद्द राज्यप्रमुख मेला तरी त्यात खंड पडत नाही. ठरलेल्या दिवशी आणायला गेलं नाही तर पैसे घरी पोचवतात. उलट मांतुआत आपल्याच हक्काच्या पैशासाठी खजिनदाराच्या दारी रोज जाऊन विनवण्या कराव्या लागत, आणि त्याइतकी मानहानी आपण जन्मात सोसली नाही, असं तो लिहितो. व्हेनिसही काही तिकिटावर चालणारा लोकाश्रय नव्हता. ती सत्ताच होती, फक्त तिचा पैसा एका माणसाच्या लहरीऐवजी एका कार्यालयाच्या नियमाने चालत होता. त्या नोकरीत तो तीस वर्षं राहिला आणि १६३८ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, युद्ध आणि प्रेमाच्या मॅड्रिगलचा आठवा संग्रह छापून मोकळा झाला. आपल्याकडचा वृद्ध कलावंत आपलं मानधन का थांबलं हे विचारायला कार्यालयात तिसरा हेलपाटा घालतो, तेव्हा तो व्हेनिसच्या नव्हे, मांतुआच्या खजिन्याच्या दारात उभा असतो.